शेणखतातल्या पुड्या

अक्षय तृतीया आटोपली की आमच्याकडे विदर्भात उकिरडे उपसायला सुरुवात होते. वर्षभराचं शेण, गोठ्यातली झाडलोट, चुलीची राख, जनावरांनी तुडवून टाकलेलं कुटार, सगळं मृगाच्या आत वावरात पडलं पाहिजे. आधी ते बंडीनं जायचं, आता ट्रॅक्टरच्या ट्रॉलीनं जातं. यंदाही दोन ट्रॉल्या टाकल्या. पहिला पाऊस बरा झाला आणि सकाळी धुऱ्यावर जाऊन पाहतो तर काळ्या वावरात जागोजागी काहीतरी चमकतंय. शाम्पूच्या पुड्या, गुटख्याच्या पुड्या, दुधाच्या पिशव्यांचे कोपरे, पोरांच्या कुरकुऱ्यांची पाकिटं, खर्र्याच्या, म्हणजे सुपारी-तंबाखूच्या, प्लास्टिकच्या पन्न्या. शेण कुजलं होतं, कुटार कुजलं होतं, पुडीवरची नटी मात्र तशीच हसत होती. एका पाकिटावरची पाच रुपये ही किंमतसुद्धा वाचता येत होती.

डवरणीच्या, म्हणजे कोळपणीच्या, वेळी हेच प्लास्टिक डवऱ्याच्या पासेत अडकतं. दर दोन तासांनी थांबून ते हातानं काढावं लागतं. आई धुऱ्यावर बसून ते पाहत होती. म्हणाली, “पह्यले उकिरडा घराले पोसे. आता घर उकिरड्याले पोसून राह्यलं.”

तेव्हापासून मला वाटायला लागलं आहे की पर्यावरणाबद्दल शहाणपणाच्या ज्या गोष्टी आम्हाला सांगितल्या जातात, त्या चुकीच्या टोकापासून सुरू होतात. ओला कचरा वेगळा, सुका कचरा वेगळा, हे शहराचं गणित आहे. तिथे घंटागाडी येते, कचरा नेते आणि माणसाच्या डोक्यातून तो विषय जातो. खेड्यात कचरा कुठे जातच नाही. घरात आलेली वस्तू फार तर घरामागच्या उकिरड्यापर्यंत जाते, तिथून नाल्यात, गाईच्या पोटात किंवा वावरात. ओल्या कचऱ्याची तर आम्हाला कधी अडचणच नव्हती. भाजीची सालपटं बकरीला, शिळी भाकर गाईला, राख परसातल्या वांग्यांना. आमचा प्रश्न केराचा नाही, खरेदीचा आहे. उंबऱ्याच्या आत काय घ्यायचं हे ठरवलं नाही, तर बाहेर काय टाकायचं हे ठरवण्यात काही अर्थ उरत नाही. आणि काय घ्यायचं हे ठरवणं एकट्या बाईचं काम नाही, एकट्या घराच्याही आवाक्यातलं नाही. या लेखात मला एवढंच मांडायचं आहे.

मागच्या वर्षी मी घरी एक उद्योग केला. एक महिना, कॅलेंडरच्या मागच्या बाजूला, घरात पॅकिंगमध्ये आलेली प्रत्येक वस्तू लिहिली. आम्ही घरात पाच माणसं. महिन्याअखेर आकडा दोनशे एकतीस झाला. त्यातल्या निम्म्याहून जास्त वस्तू तळहाताएवढ्या किंवा त्याहून लहान होत्या. घरात कोणी उधळ्या नाही. शेवटचा नवा सोफा कधी घेतला असं कोणी विचारलं तर पहिलाही घेतलेला नाही. तरी दोनशे एकतीस. म्हणजे अतिउपभोग हा शब्द आमच्या घराला लावला तर हसू येईल, आणि न लावला तर ते वावर काय सांगतं ते खोटं ठरेल.

किराणा दुकानदाराला विचारलं, “भाऊ, शाम्पूची मोठी बाटली काऊन ठेवत नाही?”

तो म्हणाला, “ठेवतो ना. धूळ खाऊन राह्यली. इथं बाटली कोन घेते? उधारीत पुडी बसते, बाटली नाई बसत.”

या एका वाक्यात पुडीचं सगळं अर्थशास्त्र आहे. निंदणाला जाणाऱ्या बाईची मजुरी आठवड्याच्या बाजाराच्या आदल्या दिवशी हातात येते. तिच्याकडे महिन्याचं सामान एकदम भरण्याइतका पैसा एका वेळी कधी नसतोच. तिनं पुडी घेतली तर ती तिची बेफिकिरी नाही. तिच्यापुढे दुसरी वाटच ठेवलेली नाही. त्यावर आणखी एक गंमत अशी की आपल्या देशात शाम्पूची पुडी अनेकदा बाटलीपेक्षा मिलिलिटरमागे स्वस्त पडते. ऐंशीच्या दशकात तमिळनाडूकडून ही पुडी देशभर पसरली ती गरिबाच्या खिशाचं माप घेऊनच. खिशाचं माप अचूक निघालं, उकिरड्याचं कोणी घेतलं नाही.

पण याच कारणानं मी माझ्यासारख्यांना माफ करू शकत नाही. गावात पगारदार आहेत, पेन्शनवाले आहेत, सोयाबीनचे पैसे एकरकमी हातात येणारे शेतकरी आहेत. त्यांना पुडी आणायचं काही कारण नाही. तरी ते आणतात, कारण दुकान जवळ आहे आणि पोराला पाठवलं की तो एकच पुडी घेऊन येतो. गरिबाच्या नाइलाजामागे आमचा आळस लपतो. जाणीवपूर्वक उपभोगाचा उपदेश करायचाच असेल तर तो ज्यांना निवड आहे त्यांना करावा. निवड नसलेल्या घरात जाऊन काटकसरीवर भाषण देणं म्हणजे उपाशी माणसाला एकादशीचं महत्त्व सांगणं.

पुडीचा दुसरा पेच तिच्या अंगातच आहे. भंगारवाला लोखंड नेतो, पुठ्ठा नेतो, फुटकी बादलीसुद्धा नेतो, पुडी मात्र नेत नाही. प्लास्टिकचे पातळ थर आणि त्यात चिकटवलेला ॲल्युमिनियमचा पापुद्रा, हे वेगळं करून पुन्हा वापरणं कोणाला परवडत नाही. २०१६ च्या केंद्रीय प्लास्टिक कचरा नियमांत पुनर्वापर न होणारं असं बहुस्तरीय वेष्टन दोन वर्षांत बंद करायचं लिहिलं होतं. ती दोन वर्षं भरली तेव्हा, २०१८ मध्ये, नियमात दुरुस्ती झाली. ज्याचा पुनर्वापर होत नाही, ज्यातून ऊर्जाही मिळवता येत नाही आणि ज्याचा दुसरा कोणता उपयोगही नाही, तेवढंच बंद, अशी ती नवी भाषा. पुडी जाळून ऊर्जा मिळते, म्हणजे पुडी सुटली. आता सिमेंटच्या भट्टीत ती जळू शकते हे खरं, आणि चंद्रपूरकडे सिमेंटचे कारखाने आहेत हेही खरं. पण आमच्या उकिरड्यावरची पुडी तिथवर नेतो कोण? तिची भट्टी म्हणजे आमची चूल. श्रावणात सरपण ओलं असतं, पऱ्हाट्या पेट घेत नाहीत, मग बाई दोन पन्न्या खाली सारते आणि काडी लावते. तो काळा धूर तिच्या छातीत जातो.

हे नियम गावांनाही लागू आहेत. २०१६ मध्ये पहिल्यांदा ग्रामपंचायतीवर स्पष्ट जबाबदारी टाकली गेली. स्वच्छ भारत मिशनच्या ग्रामीण भागातल्या दुसऱ्या टप्प्यात, २०२० नंतर, तालुक्याच्या पातळीवर प्लास्टिक कचऱ्याचं केंद्र असावं अशी योजना आली. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ साठीच्या निधीत साठ टक्के रक्कम बंधित, म्हणजे स्वच्छता आणि पाणी यांच्यासाठीच खर्चायची, असं ठरलं. कागदावर पैसाही आहे. मी पाहिलेल्या एका गावात कचऱ्याची बॅटरीवरची गाडी ग्रामपंचायतीच्या ओट्याशेजारी उभी आहे. तिच्यावर कोंबड्या बसतात. गाडी चालली असती तरी तिनं पुड्या नेऊन टाकल्या असत्या त्या शिवेबाहेरच्या खड्ड्यात, ही वेगळी गोष्ट.

आता थोडं खर्र्याबद्दल. पर्यावरण म्हटलं की सगळे उठून बाईच्या स्वयंपाकघरात डोकावतात. तेल जास्त वापरते का, पाणी सांडते का, पिशवी नेते का. पानठेल्यावर कोणी डोकावत नाही. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना एका जाड पन्नीत टाकून ती पन्नी घासघासून जे तयार होतं तो खर्रा. घासल्यावर त्याच पन्नीत बांधून, वर रबर लावून देतात. दिवसाला दोन खर्रे खाणारा माणूस आमच्याकडे साधा समजला जातो. तीस रुपयांचा एक धरला तरी दिवसाचे साठ, महिन्याचे अठराशे. त्या माणसाची बायको मात्र दुकानात एक रुपयाच्या पुडीसाठी उभी असते, आणि गावात बचतीचं व्याख्यान असलं की समोरच्या सतरंजीवर तीच बसलेली असते. माणसं मागे, भिंतीला टेकून, तोंडात बार धरून.

कायदा इथेही कमी नाही. प्लास्टिकच्या पुडीत तंबाखू-गुटखा विकायला केंद्राच्या नियमांत मनाई आहे. गुटख्यावर तर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे. माझ्या वावरात सापडलेल्या पुड्यांवरची तारीख त्या बंदीच्या फार नंतरची आहे.

म्हणून घरातल्या उपभोगाचा हिशेब करायचा असेल तर तो सगळ्या घराचा करावा. माझ्या त्या दोनशे एकतीसच्या यादीत स्वयंपाकघराच्या वस्तू शंभरही नव्हत्या. बाकीच्या माझ्या आणि पोरांच्या. यादी करायच्या आधी मीही समजत होतो की सामान बायको आणते.

अशा लेखांमध्ये यानंतर सहसा जुन्या काळाची आठवण येते. मातीची चूल, रांजणातलं पाणी, राखेनं घासलेली पितळी भांडी, लुगड्याची वाकळ. मला त्या आठवणींचा मोह आहे, पण विश्वास नाही. चुलीच्या धुरानं माझ्या आजीचे डोळे गेले. पीठगिरणी आली तेव्हा जात्याच्या ओव्या गेल्या म्हणून गावातल्या कोणत्याही बाईनं शोक केल्याचं ऐकिवात नाही. २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली, घरोघर सिलिंडर आलं, आणि ज्या घरांत ते परत भरायला पैसे पुरत नाहीत तिथे बाया पुन्हा पऱ्हाट्या-तुराट्यांकडे वळल्या. ती पर्यावरणनिष्ठा नव्हे. गरिबीला साधेपणा म्हणून मिरवणं हा आपल्याकडे जुना रोग आहे, आणि सेवाग्राम जवळ असल्यामुळे आमच्या भागात तो जरा जास्तच. गांधीजींचे सहकारी जे. सी. कुमारप्पा १९३४ मध्ये वर्ध्यात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाच्या कामाला लागले. ते अर्थशास्त्री होते, हिशेबनीस होते. माणसाला हलाखीत ठेवून निसर्ग वाचवा असं त्यांचं म्हणणं नव्हतं. मगनवाडीत त्यांनी चुली, घाण्या, कागद यांवर जे प्रयोग केले ते काम सोपं व्हावं आणि पैसा गावात राहावा म्हणून. रॉकेलऐवजी वनस्पतीच्या तेलावर चालणारा मगनदीप नावाचा दिवासुद्धा तिथे तयार झाला. तो आज कोणी वापरत नाही आणि वापरायची गरजही नाही. पण दिव्यात जळणारं तेल कुठून येतं, हा त्यांचा प्रश्न मात्र जुना झालेला नाही.

तो प्रश्न मी कढईतल्या तेलाला विचारून पाहिला. आम्ही सोयाबीन पिकवतो, पोत्यानं विकतो आणि सोयाबीनच्या तेलाचं पाऊच विकत आणतो. देशाच्या गरजेचं निम्म्याहून अधिक खाद्यतेल परदेशातून येतं. माझ्या लहानपणी आमच्याकडे जवसाचं, तिळाचं आणि करडीचं तेल खात. गहू-हरभऱ्याच्या ओळींतून जवस सहज निघायचा. तेलाचा डबा घेऊन घाणीवर जायचं, आपलंच बी, आपल्याच डब्यात तेल, आणि ढेप, म्हणजे पेंड, परत गोठ्यात. त्यात पुडी कुठेच नव्हती.

हे मोडलं ते केवळ आमच्या हावेनं नाही. १९९८ मध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या तेलाची भेसळ झाली, जलशोथाची साथ आली, साठहून अधिक माणसं मेली. सुट्या तेलावरचा विश्वास उडायला तेवढं पुरेसं होतं. पुढे २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांनी सुटं खाद्यतेल विकायलाच मनाई केली. म्हणजे पाऊच हे आरोग्याच्या नावानं आलं, आणि कारण खरं होतं. पर्यावरणाच्या बाजूनं बोलणाऱ्यांनी ही अडचण गिळून टाकू नये. पण आपलं बी घेऊन घाणीवर जाणं ही विक्री नव्हे, मजुरी देऊन करून घेतलेलं काम आहे. तालुक्याच्या गावी आता पुन्हा लाकडी घाण्या सुरू झाल्या आहेत. आम्ही गेली दोन वर्षं अर्धा एकर जवस पेरतो आणि तेल काढून आणतो. महाग पडतं. पाऊचपेक्षा बरंच महाग. त्यामुळे झालं असं की बायको ते जपून वापरते आणि घरातला तेलाचा खर्च जवळपास तेवढाच राहिला. भजी आता महिन्यातून दोनदा होतात. माझी यावर तक्रार आहे, पण ती इथे नोंदवत नाही.

सगळ्याच गोष्टी जमल्या असं समजू नका. रिठे-शिकेकाई आणली, मुलीनं एकदा डोकं धुतलं आणि दुसऱ्यांदा हात लावला नाही. राखेनं भांडी घासायचा प्रयोग आठ दिवस चालला. बायकोच्या हाताला भेगा पडल्या आणि तिनं मला विचारलं की प्रयोग तुमचा, हात माह्ये काऊन? तो त्याच दिवशी थांबला. कापडी पिशव्या तर आमच्याकडे सात होत्या, सातही घरीच असायच्या. शेवटी एक पिशवी मोटारसायकलच्या हँडलला कायमची बांधली तेव्हा कुठे पन्नी घेणं थांबलं. सवय निर्धारानं लागते असं आपण समजतो. माझा अनुभव असा की ती वस्तू कुठे टांगली आहे त्यावर लागते.

ज्वारीचं प्रकरण आणखी गुंतागुंतीचं. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं केलं आणि शहरांना ज्वारीचा शोध लागला. आमच्या ताटात भाकर आणि कण्या पिढ्यान्‌पिढ्या होत्या. नव्वदच्या दशकापासून सोयाबीन पसरलं, ज्वारी हटली. ज्वारी गेली म्हणून कडबा गेला, कडबा गेला म्हणून बैल पोसणं जड झालं, बैल गेले म्हणून शेणखत आटलं आणि त्याच्या जागी पिशवीतलं खत आलं. रेशनवर गहू-तांदूळ. पुन्हा ज्वारी पेरा म्हणणं सोपं आहे. पेरली तर रात्री रानडुकरं येतात आणि दिवसा पाखरं. कणीस घरी येईल याची खात्री नाही. एका माणसानं एकट्यानं दोन एकर ज्वारी लावली तर शिवारातली सगळी डुकरं त्याच्याकडे जेवायला येतात. दहा जणांनी लागून लावली तर राखण वाटून घेता येते. स्थानिक धान्य खा हा सल्ला स्वयंपाकघरात दिला जातो, पण त्याचं उत्तर शिवारात आहे, आणि तेही दहा जणांच्या शिवारात.

कपड्यांवर एकच ओळ पुरे. कापसाच्या या मुलखात, जिथे नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ मध्ये सुरू झाली, तिथे आता बाजारात दोनशे रुपयांची पॉलिस्टरची साडी मिळते. तिची वाकळ शिवली तर उन्हाळ्यात अंगाला चिकटते, आणि टाकली तर कुजत नाही.

खरा मुद्दा लग्नाचा आहे. वर्षभर घर सांभाळून वापरलेलं सगळं एका लग्नात आणि एका तेरवीत फिटतं. पूर्वी पंगतीला पळसाची पत्रावळ आणि द्रोण असत. उन्हाळा सुरू झाला की बाया पळसाची पानं आणत, ओसरीत बसून काड्यांनी टाचत. जेवण झालं की पत्रावळी उकिरड्यावर, पुढच्या वर्षी वावरात. मग थर्माकोल आलं. २०१८ मध्ये राज्यानं प्लास्टिकबंदी केली, त्यात थर्माकोलची ताटंही होती. २०२२ मध्ये १ जुलैपासून केंद्राचीही एकदा वापरून फेकायच्या वस्तूंवर बंदी आली. थर्माकोल कमी झालं हे मान्य करायला हवं. त्याच्या जागी चांदीसारखी चकाकणारी कागदी ताटं आली, ज्यांच्यावर प्लास्टिकचाच पापुद्रा असतो. पाण्याला प्लास्टिकचे ग्लास, नाही तर पाणी पाऊच. एका लग्नात पाचशे पानं उठली तर दीड-दोन हजार वस्तू एका दुपारी मंडपामागे पडतात. गाई त्या खातात, कारण त्यांना वरण-भात लागलेला असतो. ज्या बैलांना पोळ्याला आपण पुरणपोळी भरवतो, त्यांच्याच गोठ्यातल्या गाईच्या पोटात लग्नाचे ग्लास जातात.

आमच्या भागात गाडगेबाबांचं नाव घेतल्याशिवाय स्वच्छतेचा कार्यक्रम होत नाही. त्यांच्या नावानं राज्यात २००० सालापासून ग्रामस्वच्छता अभियान आहे. तपासणीच्या आदल्या दिवशी गाव आरशासारखं होतं आणि कचरा शिवेबाहेर जातो. बाबा अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. डोक्यावर गाडगं, अंगावर चिंध्यांची गोधडी; जेवणही त्याच गाडग्यात. गावात आले की आधी झाडू घेत आणि रात्री कीर्तनात लोकांना कर्जावर, दारूवर, देवाच्या नावानं होणाऱ्या उधळपट्टीवर फैलावर घेत. आम्ही त्यांचा सकाळचा झाडू ठेवून घेतला आणि रात्रीचं कीर्तन विसरलो. झाडू कचरा इथून तिथे नेतो. कर्ज काढून पाचशे पानं उठवू नका, हे जे ते सांगत होते, त्यात कचरा मुळात न होण्याची सोय होती. तेवढंच नेमकं गैरसोयीचं.

पंगतीवर उपाय काही नवा नाही. जुन्या काळी गावाची किंवा समाजाची भांडी असत. कुठे देवळात, कुठे तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाकडे. लग्नघर ती नेई, घासून परत करी, फुटलं-हरवलं तर भरून देई. मंडप-सतरंज्या भाड्यानं देणारी बिछायत केंद्रं आली आणि ती भांडी अडगळीत गेली. आता बचत गटानं पाचशे ताटं, पाचशे पेले घ्यावेत आणि भाड्यानं द्यावेत. भाडं कागदी ताटांच्या खर्चापेक्षा थोडं कमी ठेवलं तर लग्नघराला परवडेल आणि गटालाही चार पैसे सुटतील. काही गावांत हे सुरूही आहे. असल्या सोयी गावात असतील तरच घरातल्या चांगल्या सवयी टिकतात. नाही तर मी वर्षभर डबा घेऊन घाणीवर जायचं आणि पोरीच्या लग्नात दोन हजार वस्तू वावरात पेरायच्या.

तेलाचा पिपा, साबणाचा खोका, डाळीचं पोतं गटानं एकदम आणून सभासदांत वाटलं तर निंदणाला जाणारी बाईही पुडीतून सुटू शकते. तिच्या हातात एकदम पैसा नसतो, पण गटाच्या हातात असतो. कर्ज शिलाई मशीनला देता येतं तसं महिन्याच्या किराण्यालाही देता येईल, आणि ते बुडण्याची भीतीही कमी. हे मी आमच्या बाजूच्या गटात सुचवलं. अध्यक्ष बाई म्हणाल्या, “किराण्यासाठी कर्ज म्हटलं त बँकवाले हसतीन.” हसू देत. बँकवाले ट्रॅक्टरच्या कर्जाला हसत नाहीत आणि ट्रॅक्टर आमच्या गावात उभेच असतात.

भांड्यांचा विषय मी १ मेच्या ग्रामसभेत मांडला. कोरम होता की नव्हता हे विचारू नका. सरपंचांना कल्पना आवडली. सचिव म्हणाले, बंधित निधीतून बसवता येईल का ते वर विचारावं लागेल. एका तरुणानं चांगला प्रश्न काढला: मे महिन्यात प्यायला पाणी नसते, पाचशे ताटं घासायला कुठून आणायचं? त्यावर थोडी चर्चा झाली. राख आणि भुशानं आधी पुसून घेतलं तर पाणी कमी लागतं, असं एक-दोघांनी सांगितलं. पाणी नसेल त्या लग्नाला पळसाच्या पत्रावळी लावाव्या, गावातल्या बायांकडून विकत घेऊन, असंही ठरल्यासारखं झालं. मग मागून कोणीतरी विचारलं, “अन् घासन कोन?”

सभा शांत झाली. माणसं एकमेकांकडे पाहायला लागली, काही जण बायांच्या बाजूला पाहायला लागले. बायांनी कोणाकडेच पाहिलं नाही. भिंतीपाशी बसलेली एक म्हातारी, जिनं आयुष्यभर दुसऱ्यांच्या लग्नातली भांडी घासली आहेत, पदर सावरत म्हणाली, “ज्यानं खाल्लं, त्यानं घासाव.”

एवढा हशा पिकला की पुढचं काही ऐकू आलं नाही. सरपंचांनी विषय १५ ऑगस्टच्या सभेत घ्यायचं ठरवलं. तोवर लग्नसराई संपलेली असेल.